मरीआईच्या गाड्यातलं ओझं

गाडा इतका जड कसा, हेच शेषराव पाटलांना कळेना. मरीआईचा गाडा तो. कमरेएवढा लाकडी गाडा, वर शेंदूर फासलेली मूर्ती, तिच्याखाली हिरवं लुगडं, चार लिंबं, डझनभर बांगड्या. दोन माणसांनी गप्पा मारत ओढावा असा. आज चार जण घामाघूम झाले होते, तरी चाकं धुळीत रुतत होती. लुगड्याखाली मधूनच काहीतरी किणकिणत होतं.

"पाटील, मायबाई लय भारी झाली," पंजाबराव दोर ओढता ओढता म्हणाला. "मलकापूरपासून पाच गावची रोगराई भरून आणली तिनं."

"बोलू नोको. ओढ."

पटकीची साथ आली की हा गाडा निघायचा. एका गावानं तो पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायचा, त्या गावानं त्याच्या पुढच्या. कोणी अडवायचा नाही, कोणी उघडायचा नाही, मागं तर न्यायचाच नाही. गाड्यातली वस्तू जो उचलेल त्याच्या घरी देवी मुक्कामाला जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

एरवी गाडा मारुतीच्या पारावर घटकाभर थांबे, बायका ओटी भरत. आज शेषरावांनी तो थांबूच दिला नाही. गावाबाहेरच्या पांदीनं परस्पर धानोरीच्या रस्त्याला लावला. का, ते कोणाला सांगितलं नाही. आठच दिवसांपूर्वी माहेरी आलेल्या त्यांच्या शालूला पहाटेपासून उलट्या-जुलाब लागले होते. डोळे पार खोल गेले होते. पटकी पाटलाच्या घरात शिरली हे कळलं असतं, तर गाव दुपारच्या आत रिकामं झालं असतं आणि पाटलांना गाड्याला हातही लावू दिला नसता. गाडा जितक्या लवकर शिवेपार जाईल तितक्या लवकर पोर उठून बसेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्यात अनंत मास्तरांनी डोकं उठवलं. शाळेचा हा मास्तर कालपर्यंत गाड्याला हसत होता. आज मात्र सकाळपासून नारळ घेऊन पारावर हजर. गाडा पांदीला वळला तसा धोतर सावरत मागं पळत आला.

"पाटील, गाडा पारावर न्या. घटकाभर तरी थांबवा."

"काऊन?"

मास्तरांनी दोर ओढणाऱ्यांकडं पाहिलं आणि गप्प बसले. शंभर पावलं गेली की पुन्हा तेच. शिकलेला माणूस भीतीनं खुळावला, असं पाटलांनी धरलं. तरी मन मानेना. भ्यायलेला माणूस देवीला गावात थांबवून कशाला घेईल?

धानोरीच्या शिवेवर गाडा ठेवून मंडळी माघारी फिरली. मागं वळून बघायचं नसतं, म्हणून सगळे झपाझप पुढं गेले. मास्तरांनी पाटलांना एकट्याला बाभळीखाली गाठलं.

"गाड्यात औषध आहे, पाटील. मलकापूरच्या दवाखान्यातल्या चिंतामण कंपाउंडरनं लुगड्याखाली दोन पेट्या ठेवल्या आहेत. दोन्हींत विहिरीत टाकायचं जांभळं औषध, आणि आजाऱ्यांसाठी शिश्या. पारावर मी त्या गुपचूप काढून घेणार होतो."

"देवीच्या गाड्यात? काऊन, बैलगाड्या मेल्या काय?"

"त्याची बैलगाडी लोकांनी तीनदा फोडली. विहिरीत विष टाकतो म्हणून त्याला झोडपलं. आपल्या गावानंही झोडपलं. या गाड्याला मात्र मलकापूरपासून कोणी अडवलं नाही."

झोडपणाऱ्यांत पाटील स्वतः होते. मग हे औषध की विष? देवीनं आणलं म्हणायचं की देवीला फसवून आणलं? उचललं तर तिचा कोप, आणि न उचललं तर? सकाळी शालूनं पाणी मागितलं तेव्हा तिचा आवाज त्यांना ओळखू आला नव्हता. ते वळले आणि पळत सुटले.

धानोरीची माणसं गाड्याचे दोर हातात घेत होती. पुढं काठी टेकून भगवंतराव पाटील उभे होते. पांढऱ्या मिशांचे, शेषरावांच्या वडिलांच्या बरोबरीचे.

"शेषराव, परत काऊन आला? गाडा मागं न्याले आला काय?"

"गाडा नाई नेत, काका. त्याच्यातलं औषध नेतो."

शेषरावांनी लुगडं वर केलं. पेट्या दिसल्या. दोर धरलेली माणसं चार हात मागं सरकली. भगवंतरावांनी काठी आडवी धरली.

"हात लावू नोको बापा. मायबाई तुह्या घरी येईन."

सकाळपासून शेषरावांनी गिळून ठेवलेलं सगळ्यांदेखत बाहेर पडलं.

"आली, काका. सकायीच आली. शालू आंथरुणाले खियून आहे."

शेषराव पेटी उचलू लागले, पण एकट्याला ती उचलेना. भगवंतरावांनी एकदा आपल्या माणसांकडं पाहिलं. मग काठी खाली ठेवून ते जवळ आले, वाकून पेटीचं दुसरं टोक धरलं आणि हळूच म्हणाले,

"एक पेटी इथंच ठेव, शेषराव. माह्या घरी परवापासून दोघं पडून हायेत."