यादीबाहेरचा

"तिकडं तोंड कर," धनराज म्हणाला. सोनूनं सवयीनं भिंतीकडे तोंड केलं आणि त्यानं दोन बोटांनी टकटक करत कॉम्प्युटरचा पासवर्ड टाकला. पासवर्ड टाकताना पाहायचं नाही, हा त्यानंच घालून दिलेला नियम होता.

दिवाळीच्या सुटीत तो सिंदेवाहीला घरी आला होता, आणि चहाही न घेता रिपोर्ट बघायला बसला होता. पोरगी तेरा वर्षांची. शाळेतल्या साऱ्या पोरी दोस्तीच्या त्या साइटवर, मग हिलाच नाही कसं म्हणणार? म्हणून गेल्या दिवाळीला त्यानं कॉम्प्युटरवाल्या जाहिदच्या दुकानातून राखणीचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. धनराज स्वतः आलापल्लीच्या पुढं वननाक्यावर गार्ड. उभा जन्म एकच काम: पास असेल तर गाडी सोडायची, नसेल तर बापाची का असेना, अडवायची. इथंही त्यानं तेच केलं. सोनूला कोणी लिहायचं त्यांची यादी भरली. चार मैत्रिणी, मामा, दोन चुलत बहिणी. बाकी साऱ्यांना नाका बंद.

पडद्यावर रिपोर्ट उघडला. अडवलेले अनोळखी: एक. प्रयत्न: सत्तेचाळीस.

धनराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सत्तेचाळीस खेपा! कोन होय हा, सोनू? खरं सांग."

"मले काय मालूम?" सोनू भिंतीकडे पाहतच म्हणाली. "मले तं यादीबाहेरचं कोनीच लिवत नाई."

"आल्या आल्या पोरीले कायले रागावता जी?" त्याची बायको जया चुलीपासून ओरडली.

"तू गप न! इथी कोनीतरी बदमाश लागला आहे तिच्या मागं."

बदमाशाचं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्यातून काही कळेना. त्यानं तारखा पाहिल्या. सात ऑक्टोबर, मंगळवार. तीस सप्टेंबर, मंगळवार. तेवीस सप्टेंबर, तोही मंगळवारच.

धनराजचा हात माउसवरच राहिला.

मंगळवार त्याच्या सुटीचा. दर मंगळवारी बस धरून तो अहेरीला जायचा आणि नेट कॅफेत तासभर सोनूला लिहीत बसायचा. खातं कॅफेवाल्यानं उघडून दिलेलं, नावही त्यानंच काहीतरी टाकलेलं. नाक्यावर फोनला रेंज नाही. महिन्याकाठी कधी फोन लागलाच, तर जया शेजारी उभी, आणि पोरगी 'हो' नि 'बरं' यापुढं जायची नाही. वर्षभरात एकाही मंगळवारचं उत्तर आलं नाही. विचारायचं तरी कसं? बाप होता. पोरीला आपली लाज वाटते, असं त्यानं मनाशी धरलं आणि दसऱ्यापासून अहेरीला जाणंच सोडलं.

यादी भरताना स्वतःचं नाव घालायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. नाक्यावर पास मागणाऱ्याला कधी कोणी पास मागतं का?

"बाबा, पाहू का आता?"

त्यानं त्या नावावर माउस दाबला आणि अडवलेले सारे निरोप उघडले. सोनू वळली, त्याच्या खांद्यावरून वाकली आणि वाचू लागली. शेवटचा निरोप सगळ्यात वर होता. 'सोनू बेटा, तुले आवडत नसन तं आता लिवत नाई. अभ्यास कर. बाबा.' त्याखाली, अस्वल खोलीत शिरून दिव्याचं तेल पिऊन गेलं त्याची गोष्ट. त्याखाली तिच्या वाढदिवसाचा निरोप. ती ओठ हलवत पार तळापर्यंत गेली आणि परत वर आली.

"तुमी मले लिवत होते?"

"हो."

"मंग थांबले काऊन?"

धनराजनं निरोपांखालचं बटण दाबलं. पडद्यावर सॉफ्टवेअर विचारत होतं: या माणसाला परवानगी द्यायची का? द्यायची असेल तर पासवर्ड टाका.

सोनूनं फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसले. कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. धनराजला अक्षरं दिसेनात.

"झालं का बाबा?" तिनं विचारलं.