डोंगरावरून दिसलेलं जहाज

"हितूनच बघितलं मी तुला," डोंगरमाथ्यावर पोचताच बाबा धापा टाकत म्हणाले. सुट्टीवर आलेल्या हेमंतला ते हट्टाने गावामागच्या डोंगरावर घेऊन आले होते.

मार्चमध्ये हेमंतनेच फोनवर सांगितलं होतं, "शुक्रवारी सकाळी आमचं जहाज गावासमोरून जाईल. मी डेकवर उभा राहीन." त्या दिवशी पंचाहत्तरीचे बाबा एकटेच इथे चढून आले आणि आईची लाल साडी हलवत तासभर उभे राहिले.

"माणूस मुंगीएवढा दिसत होता. पण तूही हात हलवलास ना? गावभर सांगितलं मी."

त्या सकाळी हेमंत केबिनमध्ये गाढ झोपला होता. त्याने गजरसुद्धा लावला नव्हता.

"हो बाबा," तो म्हणाला. त्याला त्यांच्याकडे बघवेना.

बाबा समाधानाने खडकावर बसले आणि सुजलेले गुडघे चोळू लागले.