पुढचा बैल

पुजाचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात रूपसिंगच्या जुन्या पिकअपमध्ये पलंग बसला. लेकीची पाठवणी झाली आणि तिच्या भावानं, संतोषनं, गाडी लिंबाखाली ओढली. कळमनुरीला गॅरेजात काम करणारं पोरगं ते. त्यानं गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन उतरवून पुन्हा बसवलं. मागं फळ्यांचा पलंग केला, पलंगाखाली पाण्याचे कॅन अन् शेगडी ठेवायला खण केले, वरून ताडपत्री ओढायची सोय केली.

"कॅम्पिंगची गाडी हाय," बघायला येईल त्याला तो सांगायचा.

"बायकोनं घरातून काढलं काय रं?" शेजारचा जगन विचारायचा.

संतोषची आई रूपाबाई, पोरांची याडी, दारात बसून हसायची. "ऊस तोडाया जायचो तवा आमी धा वर्सं कॅम्पिंगच केलं की. पर तवा त्याला असं नाव हाय हे कुनी सांगितलंच न्हाई."

हसत होती, पण गाडीचं काम तिच्यासाठीच चाललं होतं. तिच्या माहेरचा तांडा धरणाच्या पाण्यात गेलेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांच्या पायाचे दगड उघडे पडतात. त्या दगडांपाशी तिला एक रात्र निजायचं होतं. पाऊस पडला की दगड पुन्हा पाण्याखाली, आणि तिच्या मणक्याचं दुखणं असं की पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा डॉक्टरही देत नव्हता.

एका सकाळी संतोषनं तिला पलंगावर निजवून नाल्यापर्यंत एक फेरी मारली. रिकामी पिकअप ती. खड्डा आला की मागून उसळायची. परत आली तेव्हा रूपाबाईनं पदर दातांत धरलेला होता.

संतोषनं जॅक काढला. "बा, मागच्या स्प्रिंगचे पाटे कमी करतो. दोन इकडचे, दोन तिकडचे. मग मऊ चालंल."

रूपसिंग बाजेवरून उठला. "पाट्याला हात लावायचा न्हाई."

"काहून?"

"पाटे काढले तर वझं कशाच्या जिवावर उचलंल ती?"

कुरुंद्याची हळद, साखऱ्याचं सोयाबीन, कुणाच्या वरातीची भांडी, सगळं त्यानं ह्याच गाडीतून वाहिलं होतं. रिकामी गाडी पळवणं त्याला पाप वाटायचं. येताना भाडं मिळालं नाही तर वाटेतल्या कुणाचा तरी कडबा तो फुकट आणून टाकायचा.

"रिकामी हाय म्हनून उडती," तो म्हणाला. "वजन टाक, बघ कशी बसून चालती." आणि रेतीचा भरलेला कट्टा पाठीवर घेऊन तो निघालाही. गाडीपाशी येईपर्यंत त्याला धाप लागली.

"बा, खालची चेसिस तुटली व्हती, वेल्डिंगनं जोडलेली हाय. वजनानं पुन्हा फाटंल. याडीला घेऊन धरणाच्या वाटंत बसून ऱ्हायचं काय?"

रूपसिंग ऐकेना. कट्टा पाठीवर तसाच. तो टाकायला जागा बघत होता आणि जागेवर रूपाबाई निजलेली होती.

तिनं मान वळवली. "तुमचा आजा बैलांवर मीठ लादून मुलूख फिरायचा. सगळ्या बैलांच्या पुढं एक बैल चालायचा ना?"

ही गोष्ट रूपसिंग प्रत्येक लग्नात सांगायचा. पुजाच्या लग्नातही सांगितली होती. तांड्यातल्या लेकरांनासुद्धा ती पाठ होती.

"त्या पुढच्या बैलावर किती गोन्या टाकायचा आजा?"

रूपसिंगनं पाठीवरचा कट्टा सावरला.

"सांगा की."

"त्याच्यावर कोन टाकील," तो पुटपुटला. "त्याच्या पाठीला वझं लावत न्हाईत. त्यानं निस्तं पुढं चालायचं."

"मग हिनं बी लई वाहिलं. आता हिला पुढं चालू द्या."

कट्टा पाठीवर घेऊन तो मागं वळला. मग त्यानं तो लिंबाच्या बुडाशी ठेवला, अगदी हळू, जणू आत काचेचं सामान होतं.

"आन तो पाना इकडं," तो संतोषला म्हणाला. "निस्ता बघत काय राहिला? जॅक लाव."

दुपारपर्यंत बाप-लेक गाडीखाली होते. काढलेले पाटे रूपसिंगनं फडक्यानं पुसले आणि लिंबाला टेकवून उभे केले. मग घरात गेला. दारावर टांगलेला कवड्यांचा पट्टा काढून आणला. आजाच्या त्या पुढच्या बैलाच्या कपाळावरचा तो. गाडीच्या तोंडावर, जाळीला, त्यानं तो दोन गाठी मारून बांधला.

"आता शिंगं बी रंगव," जगन म्हणाला.

"तुझी रंगवतो, थांब," रूपसिंग म्हणाला.

रूपाबाई माहेरच्या दगडांपाशी निजून आली. बायांनी विचारलं, कसं वाटलं? "झोप लागली," ती एवढंच म्हणाली.

त्याच साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रूपसिंग वारला. ओढ्याकाठची सरणाची जागा लांब, वाटेला चिखल. लोक म्हणाले, घरची गाडी हाय, गाडीतच नेऊ. संतोषनं मागची फळी उघडली. रूपाबाई काठी टेकत आली आणि तिनं ती फळी लावून टाकली.

"हिच्यावर न्हाई."

चौघांनी त्याला खांद्यावर घेतला. सगळ्यांच्या पुढं गाडी चालली, सावकाश, रिकामी.