ढग हाकलायचं मशीन

आमची सुकन्या शेतीचं कॉलेज करून आली अन् सोयाबीनच्या वावरात हवामान सांगायचं मशीन बसवलं. नेमकी पावसानं महिनाभर दडी मारली. गावात उठलं, "हे मशीनच ढग हाकलून राहिलंय!"

शेजारचा रामलिंग वीस माणसं, वीस कुऱ्हाडी घेऊन आला. मशीनचा पार भुगा केला. पोरगी आडवी आली, तर तिचा हात मोडला.

ते घरी पोचायच्या आत पाऊस लागला बघा. पंधरा दिवस थांबलाच न्हाई. शेंगंतच सोयाबीनला कोंब फुटले, आमची म्हैस तर बाभळीवर चढून बसली.

सोळाव्या दिवशी रामलिंगनं आमचं दार लाथेनं उघडलं.



"सुकन्ये, मशीन परत बसव, न्हाईतर दुसरा हात बी मोडतो!"