बोक्याचं रक्त

"भटक्या मांजरीवर सहा हजार? शाळा सोडलीस, आता अक्कल पण सोड," पापलेट कापता कापता आई म्हणाली.

हर्षलचं डोकं सणकलं. "पैसे माझ्या पगारातले. तू फक्त तुझा बोका दे."

हर्षलने दवाखान्यात नेलेल्या त्या मांजरीचं रक्त पिसवांनी शोषलं होतं. धडधाकट मांजराचं रक्त चढवलं तरच ती जगेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मच्छीबाजारात तसा एकच होता: आईची सुरमई पळवून फुगलेला बोका. तिच्याशिवाय तो कुणाच्या हाती लागत नसे.

"माझा कुठला? चोर आहे तो," आई म्हणाली.

पण तासाभरात ती दवाखान्यात हजर. मासळीच्या दोन पाट्यांमध्ये बोका कोंडलेला, तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले.

डॉक्टरांनी तपासलं. "रक्त जुळतंय. एक नंबर आहे."

"असणारच. माझ्या मासळीवर पोसलंय."

गुंगीतल्या बोक्याचं रक्त काढून मांजरीला लावलं. थेंब थेंब उतरत राहिलं. मायलेक टेबलाला चिकटून बघत होते. कागदासारख्या पांढऱ्या हिरड्यांवर आधी पुसटसा, मग खराखुरा गुलाबी रंग चढला. मांजरीने डोळे उघडले.

आईने पदराने तोंड झाकलं. हर्षलला खोचक काहीतरी बोलायचं होतं, पण त्याने घाईघाईने डोळे पुसले.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "कामावर उशीर होतोय. मला आता निघायला हवं."