चार हजार मैलांवरचं स्थळ

गौरीचं जमलं. सोनईत पेढे वाटून झाले, भिमाजीनं तर चार खाल्ले. पण ते अजून घडलंच नाही असं धरून चालू. कारण एकाहत्तर सालच्या त्या बुधवारी सकाळी गोजरबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

गौरीनं पहाटेपासून तोंडात काही घेतलं नव्हतं. सारखी दाराकडं बघायची.

"वयनी, गावातलं स्थळ काय वाईट हुतं?" दीर भिमाजी ओट्यावरून म्हणाला.

"दोनदा बघितलं की. काय उजेड पडला?"

"मग इलायतीनं पडंल? आज न्हाई जमलं, तर शुक्रवारी गौरी ह्या दारात दिसायची न्हाई. सांगून ठेवतो."

गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. गौरीला त्यांनी पोटच्या लेकीगत वाढवलं होतं.

तेवढ्यात जीपवाला नूरमहंमद चिठ्ठी घेऊन आला. स्थळ त्याच्या डॉक्टरसाहेबांनी आणलेलं.

"मावशी, काल सकाळी नवाला कोपनहेगनहून इमान सुटलं. चार हजार मैल, थांबत थांबत चौदा तास. मुंबईत आज पहाटं साडेतीन."

"नऊ न चौदा तेवीस. रातचं अकरा की रं," गोजरबाई म्हणाल्या.

"तिकडलं नऊ म्हंजे आपलं दीड."

"म्हंजे पाव्हणं निघायच्या आदीच साडेचार तासांनी म्हातारं झालं!"

"साहेब मुंबईहून आठ तासांत नगरला आणतील. पुढं माझी जीप. एकला दारात."

"चार हजार मैलाला चौदा तास, न नगरला यायला आठ?" भिमाजी म्हणाला.

"वर घाट न्हाई ना, भिमाजीभाऊ."

"दिसायला कसं हायेत?" गोजरबाईंनी हळूच विचारलं.

"फोटू बघितलाय. धिप्पाड. निम्मं गोरं, निम्मं काळं."

"असू दे. घराणं?"

"आईकडनं दूधदुभत्याचं. पर सहाच्या आत उरकलं पाहिजे. मुहूर्त टळला तर पुढचा एकवीस दिवसांनी."

गोजरबाईंनी अंगण सारवलं. लांबच्या प्रवासाची तहान म्हणून चार घागरी पाणी भरलं. धिप्पाड म्हणाला म्हणून फाटकाचा आडवा वासाही काढून ठेवला.

एक वाजला. चार वाजले. भिमाजी दर तासाला "शुक्रवार" म्हणायचा.

पावणेसहाला जीप आली. "पंचर," नूरमहंमद म्हणाला. डॉक्टर एकटेच उतरले, काखेत थर्मास.

ओवाळणीचं ताट घेऊन गोजरबाई जीपच्या मागं जाऊन बघून आल्या. "पाव्हणं कुठायत?"

"ह्यात," डॉक्टरांनी थर्मासवर टिचकी मारली आणि बाही खांद्यापर्यंत सारली. "भिमाजीराव, शेपटी धरा."

पुढच्या साली गोजरबाईंचा अर्ज गेला: "मा. पशुसंवर्धन अधिकारीसाहेब यांस. शुक्रवारच्या गुरांच्या बाजारातून वाचलेली आमची गाय गौरी हिला कालवड झाली असून ती निम्मी गोरी, निम्मी काळी आहे. तिचा बाप चार हजार मैल येऊन आमचे दारी घोटभर पाणीही न घेता गेला, हे मनाला लागले आहे. फाटकाचा वासा अद्याप काढलेलाच आहे. तरी बारशाला त्यास विमानाने समक्ष पाठवावे, ही नम्र विनंती."