कोरडा चमचा

सासूबाईंनी खाराचं बोट चाटलं आणि डोळे मिटले. "केतकी, माझ्या आईच्या लोणच्याला काय रंगत आणलीस गं!"

मंदाकिनी आपली बरणी भरून कैऱ्यांच्या कोयी गोळा करत होती. वीस वर्षं दर वैशाखात ती सासूबाईंच्या आईच्याच मापाने मोहरी फेसत आली होती. मिठाचा एक खडा इकडचा तिकडे केला नव्हता. त्यावर सासूबाई आजवर काय म्हणाल्या? "बरं झालंय." आणि ही धाकटी जाऊ आठ दिवसांसाठी कोलकात्याहून आली, तिकडची कलौंजी नि बडीशेप कैरीत ढकलली, की लागल्या हिच्या आरत्या ओवाळायला!

दुपारी सगळे कलंडले. मंदाकिनीने धाकटीच्या बरणीचा दादरा सोडला, नळाखाली चमचा धरला आणि थेंब गळत असतानाच तो पार तळापर्यंत घातला. महिन्याभरात बुरशी धरेल. मग बघू कोण बोटं चाटतं ते.

चौथ्या दिवशी रिक्षा दाराशी आली. केतकीने मंदाकिनीची बरणी लेकरासारखी कडेवर घेतली होती.

"वहिनी, ही मी नेते हं. तिकडे कितीही धडपडले तरी तुमच्या हातची चव येत नाही. माझी तुम्हाला ठेवलीय, तुमच्यासाठीच घातलं होतं ते. आणि चमचा कोरडाच घालेन, काळजी नको. लग्न झालं त्याच वर्षी तुम्ही शिकवलंत ना!"

रिक्षा वळली. मंदाकिनी कोरडेच हात पदराला पुसत राहिली.